विणकरांच्या टेकडीवरची चूल

फ्रान्समधील ल्यों हे शहर खवय्यांची राजधानी म्हणून ओळखले जाते. क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या आणि त्या काळच्या खाद्यलेखनात ज्याच्या शब्दाला मोठे वजन होते अशा लेखकाने १९३५ मध्ये या शहराला पाककलेची जागतिक राजधानी म्हटले, आणि तेव्हापासून नगरपालिकेने, पर्यटन खात्याने व हॉटेलवाल्यांनी हे बिरूद इतके मिरवले की ते नेमके कोणाच्या जिवावर मिळाले, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटेनाशी झाली. राजधानी म्हटली की राजवाडा आणि त्याचा मुदपाकखाना डोळ्यांपुढे येतो. ल्योंमध्ये मात्र पॅरिस-व्हर्सायसारखा दरबार नव्हता. तिथे होते रेशीम विणणारे कारागीर, त्यांना सूत पुरवून कापड नेणारे व्यापारी, त्या व्यापाऱ्यांच्या घरी रांधणाऱ्या आणि पुढे स्वतःची खानावळ थाटणाऱ्या बायका, आणि शहराच्या चारही अंगांना पसरलेला सुपीक मुलूख. ल्योंची चव या लोकांनी घडवली, नामांकित शेफमंडळींकडे ती वारशाने गेली, आणि आजही ती खऱ्या अर्थाने भेटते ती वस्तीतल्या सकाळच्या बाजारात, असे या शहराचा इतिहास आणि तिथला रोजचा व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता म्हणावे लागते.

मुलखापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याच्याशिवाय बाकीचे काही घडले नसते. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ल्यों वसले आहे. ईशान्येला ब्रेसचा प्रदेश, जिथली पांढऱ्या पिसांची, लाल तुऱ्याची आणि निळसर पायांची कोंबडी फ्रान्सच्या तिरंग्याशी नाते सांगत मिरवते. १९५७ पासून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे आणि प्रत्येक पक्ष्यामागे किमान १० चौरस मीटर गवताळ जमीन असलीच पाहिजे, असा दंडक आहे. ब्रेसला लागूनच दोंब हा हजाराहून अधिक तळ्यांचा सखल भाग असून कार्प, पाइक हे गोड्या पाण्यातले मासे आणि बेडूक यांसाठी तो प्रसिद्ध आहे. वायव्येला शारोलेची पांढरी गुरे, उत्तरेला बोजोलेचे द्राक्षमळे, पूर्वेला आणि आग्नेयेला दूधदुभत्याचे दोफिने व साव्हुआ, दक्षिणेला जर्दाळू आणि पीच पिकवणारे ऱ्होनचे खोरे. ल्योंला नद्या तीन, ऱ्होन, सोन आणि बोजोलेची वाइन, अशी थट्टा तिथे सतत केली जाते. फ्रान्सच्या उत्तरेत लोणी, दक्षिणेत ऑलिव्ह तेल, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ल्यों या दोहोंच्या सीमेवर असूनही त्याने बहुतांशी लोण्याचा, सायीचा आणि डुकराच्या चरबीचा पक्ष घेतला, ही गोष्ट तिथे दोन दिवस जेवलेल्या कोणाच्याही पोटाला समजते.

आता टेकडी. शहरात दोन टेकड्या आहेत: सोनच्या पश्चिमेला फुर्व्हिएर, जिथे चर्च आणि मठ आहेत, आणि दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीच्या उत्तर टोकाला क्रुआ-रूस. पहिली प्रार्थना करणारी आणि दुसरी काम करणारी टेकडी, असा भेद इतिहासकार मिशले याच्या नावावर सांगितला जातो. क्रुआ-रूसवर रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. या विणकरांना ‘कान्यू’ म्हणतात. ल्योंच्याच जोसेफ-मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर बसवण्याचे जे यंत्र सिद्ध केले, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरत असे, आणि त्यामुळे नक्षीदार कापडासाठी लागणारा धागे ओढणारा पोरगा मागावरून उठला. इचलकरंजीपासून येवल्यापर्यंत महाराष्ट्रातील विणकरांच्या बोलण्यात रोज येणारा ‘जॅकार्ड’ हा शब्द म्हणजे या एका ल्योंकराचे आडनाव आहे. यंत्र मागाच्या डोक्यावर बसत असल्याने छत सुमारे ४ मीटर उंच लागे. म्हणून क्रुआ-रूसच्या उतारावर आणि माथ्यावर उंच खोल्यांच्या, लांबलचक खिडक्यांच्या, सरळसोट भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. दर्शनी भाग मागाचा, कारण उजेड त्याला हवा. मागच्या कोपऱ्यात चूल, आणि चुलीच्या वर लाकडी पोटमाळा, जिथे कुटुंब झोपे. माग, चूल आणि बिछाना यांच्यामध्ये भिंत नव्हती. रेशमाला धूर आणि तेलकटपणा चालत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कोपऱ्यातल्या चुलीवर काय आणि किती शिजू शकत असेल याचा अंदाज येतो.

कान्यू हा कारखान्यातला मजूर नव्हता. माग त्याच्या मालकीचा असे, पण सूत आणि नक्षी व्यापाऱ्याची, आणि मजुरी कापडाच्या मापावर. १८३१ मध्ये असे सुमारे ८ हजार घरधनी विणकर आणि त्यांच्या हाताखाली ३० हजारांच्या आसपास कामगार होते, असे मानले जाते. मजुरीचा किमान दर ठरवून द्यावा ही त्यांची मागणी मान्य झाली, पण काही व्यापाऱ्यांनी तो दर पाळण्यास नकार दिला, तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात टेकडीवरचे लोक शहरात उतरले आणि काही दिवस ल्यों त्यांच्या ताब्यात राहिले. १८३४ च्या एप्रिलमधले दुसरे बंड सैन्याने रक्त सांडून मोडले. या दोन बंडांवर युरोपात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या लगेच पुढे घडलेली एक छोटी गोष्ट मात्र जेवणाच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. १८३५ मध्ये मिशेल-मारी देरियों याने क्रुआ-रूसच्या उतारावरील ग्रांद-कोत या चढणीवर, ९५ क्रमांकाच्या घरात, किराणा मालाचे दुकान उघडले. माल खरा, वजन खरे, आणि नफ्याचा वाटा ग्राहकांनाही, असा त्याचा करार होता. दुकान तीनेक वर्षांत बंद पडले, तरी फ्रान्समधील ग्राहक-सहकाराची सुरुवात म्हणून त्याचे नाव घेतले जाते. बंदुकीने जो प्रश्न सुटला नाही तो तराजूने सोडवून पाहण्याचा हा प्रयत्न होता. १८५२ पर्यंत टेकडीचा माथा ही ल्योंबाहेरची वेगळी नगरपालिका असल्याने शहराचा जकात नाका त्याच्या खाली होता. साहजिकच वाइन माथ्यावर स्वस्त मिळे आणि पिण्याचे गुत्तेही तिथेच अधिक.

कान्यूंच्या ताटातले पदार्थ गरिबीतून आले आणि पुढे शहराचे भूषण ठरले. त्यांतला सर्वांत साधा पदार्थ ‘सेर्व्हेल द कान्यू’, म्हणजे शब्दशः ‘कान्यूचा मेंदू’. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यात मांसाचा कणही नसतो. पाणी निथळलेले ताजे पांढरे चीज, जे आपल्याकडच्या चक्क्याच्या जवळचे पण त्याहून मऊ आणि कमी आंबट असते, ते लाकडी पळीने चांगले फेटायचे. त्यात बारीक चिरलेला छोटा गुलाबी कांदा, लसणाची एखादी पाकळी, कांद्याच्या पातीच्या कुळातली चाइव्ह, पार्सली, मीठ, मिरपूड, थोडे तेल आणि व्हिनेगर घालायचे, आणि तासभर थंड जागी मुरू द्यायचे. उकडलेल्या बटाट्याबरोबर किंवा भाजलेल्या पावावर ते खातात. मेंदू विकत घेणे परवडत नसे म्हणून हे नाव पडले, अशी एक उपपत्ती आहे. विणकरांना अक्कल किती ते दाखवण्यासाठी धनिकांनी काढलेला हा चिमटा आहे, अशी दुसरी. चिमटा असेलच, तर तो आज ल्योंच्या प्रत्येक भोजनगृहाच्या पाटीवर अभिमानाने लिहिलेला असतो.

बाकीचे पदार्थ बहुतेक करून ज्या मांसाला श्रीमंत हात लावत नसत त्याचे. गाईच्या जठराच्या जाळीदार भागाला, म्हणजे मराठीत ज्याला वजडी म्हणतात तिला, शिजवून, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले की ‘ताब्लिए द सापर’ तयार होते. सापर म्हणजे सैन्यातले खंदक खोदणारे, ज्यांना आपल्याकडे सफरमैना म्हणत. त्यांच्या चामड्याच्या एप्रनसारखा हा तुकडा दिसतो म्हणून ‘सफरमैनाचा एप्रन’. वजडीच कांद्यात परतली की ‘ग्रा-दूब्ल’. आतड्यात भरलेली आंदुइएत, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे ज्यांना ‘ग्रातों’ म्हणतात, रोझेत नावाचे वाळवलेले लांब सॉसेज, मसुराच्या कोशिंबिरीवर ठेवलेले गरम सॉसेज, अशी ही यादी वाढवता येईल. डुकराचा एकही अवयव वाया जात नाही ही म्हण फ्रान्सभर आहे. ल्योंमध्ये तिचा अंमल झाला.

हे सारे खाण्याची वेळही कामगाराची होती. पहाटे मागावर बसलेला माणूस सकाळी नऊच्या सुमारास भुकेने कासावीस होई, तेव्हा वस्तीतल्या गुत्त्यात जाऊन सॉसेज, वजडी, चीज आणि वाइन असे भरपेट खाणे होई. त्याला ‘माशों’ म्हणतात; मूळ धातू चावणे या अर्थाचा. आपल्याकडच्या न्याहारीशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण न्याहारीला वाइनचा पॉट नसतो. हा पॉट म्हणजे जाड बुडाची काचेची बाटली, तिच्यात बरोबर ४६ सेंटिलिटर मावते. अर्ध्या लिटरला चार सेंटिलिटर कमी का, याबद्दल व्यापारी आणि कामगार यांच्या भांडणाच्या अनेक कथा सांगितल्या जातात, आणि प्रत्येक कथेत ते चार सेंटिलिटर वेगळ्याच कोणाच्या तरी घशात गेलेले असतात. १९६४ मध्ये ‘फ्रां-माशों’ नावाची मंडळी स्थापन झाली, जी माशोंची परंपरा नीट चालवणाऱ्या भोजनगृहांना मान देते.

हे पदार्थ ज्या छोट्या जागेत मिळतात तिला ‘बुशों’ म्हणतात. या शब्दाचा रूढ अर्थ बाटलीचे बूच असा असला, तरी इथे त्याचा संबंध जुन्या खानावळींच्या दारावर खूण म्हणून टांगल्या जाणाऱ्या गवताच्या किंवा फांद्यांच्या जुडीशी लावला जातो. बुशोंची मांडणी ठरलेली: अरुंद खोली, चौकडीचे टेबलक्लॉथ, एकमेकांना कोपर लागेल इतकी जवळ बाके, भिंतीवर तांब्याची भांडी, आणि कुठेतरी गिन्योलची बाहुली. गिन्योल हा हातबाहुल्यांच्या खेळातला नायक लोराँ मूर्गे या ल्योंच्याच माणसाने १८०८ च्या सुमारास उभा केला. हा मूर्गे विणकराच्या घरातला, पुढे जत्रेत दात उपटणारा, आणि गिऱ्हाइकाचे लक्ष दुखण्यावरून उडवण्यासाठी बाहुल्या नाचवता नाचवता बाहुल्यांचाच झाला. गिन्योलचा जोडीदार न्याफ्रों हा लाल नाकाचा, वाइनवर जीव असलेला चांभार. ल्योंच्या बुशोंचे दैवत शोधायचे तर तोच. पर्यटकांची गर्दी वाढल्यावर जुन्या शहरातल्या सां-जाँ रस्त्यावर दर दहा पावलांवर ‘बुशों’ची पाटी दिसू लागली. अशा भेसळीला आळा घालण्यासाठी आधी १९९७ मध्ये आणि नंतर २०१२ मध्ये अधिकृत मानचिन्हाची सोय झाली. चिन्ह नसलेला प्रत्येक बुशों खोटा नाही. पण ज्या दारात सहा भाषांतले छापील मेन्यू आणि पदार्थांचे फोटो लावलेले आहेत, तिथे मानचिन्ह शोधण्याचीही तसदी घेऊ नये.

बुशोंची चव उच्चभ्रू वर्तुळात नेली ती बायकांनी, आणि या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. ल्योंमध्ये स्वतःची खानावळ चालवणाऱ्या स्वयंपाकिणीला ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. १८व्या शतकात नदीकाठी ईलची आमटी करणारी मेर गी त्यांच्या परंपरेत आद्य मानली जाते, पण खरा बहर १९व्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. श्रीमंत घरांतून मोलाने रांधणाऱ्या अनेक बायका या काळात नोकरी सोडून वा सुटून स्वतंत्र झाल्या. भांडवल थोडे, जागा लहान, हाताखाली माणसे मोजकी, म्हणून पदार्थही मोजकेच; आणि रोज तेच चारपाच पदार्थ केल्याने हात असा बसलेला की पॅरिसहून माणसे त्यासाठी येऊ लागली. फ्रांस्वाज फायोल, जी लग्नानंतर मेर फिल्यू म्हणून प्रसिद्ध झाली, ती १९२५ मध्ये वारली तोपर्यंत तिच्या खानावळीतला मेन्यू जवळजवळ बदलला नाही. तिची ब्रेसची कोंबडी टेबलाजवळ येऊन ती स्वतः छोट्या सुरीने कापत असे. या कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलचे, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक अळंबीचे, पातळ काप सरकवलेले असत; शिजल्यावर पांढऱ्या कातडीतून ते काळे दिसत, म्हणून पदार्थाचे नाव ‘दमी-दइय’, अर्धे सुतक. त्या काळी वैधव्याचे पहिले कडक दिवस सरले की फ्रेंच बाई काळ्याबरोबर थोडे पांढरे वापरू लागे, त्या पोशाखावरून हे नाव आले.

फिल्यूच्या हाताखाली जी मुलगी तयार झाली तिचे नाव युजेनी ब्राझिए. १८९५ मध्ये ब्रेस भागातल्या खेड्यात तिचा जन्म झाला. दहाव्या वर्षी आई गेली, तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतावर गुरे राखून पोट भरले. १९१४ मध्ये लग्नाविना मूल झाले, तेव्हा घर तुटले आणि ती ल्योंला मोलकरीण म्हणून आली. फिल्यूकडे शिकल्यावर १९२१ मध्ये तिने रॉयाल रस्त्यावर, जिथे आधी किराणा दुकान होते त्या जागेत स्वतःची खानावळ उघडली, आणि काही वर्षांनी शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगरात ल्युएर खिंडीत दुसरी. १९३३ मध्ये मिशेलां या टायर कंपनीच्या प्रवासमार्गदर्शिकेने दोन्ही जागांना प्रत्येकी तीन तारे दिले. हे तारे भोजनगृहांच्या दर्जाची खूण असून तीन हा सर्वोच्च मान. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती, आणि त्यानंतर तशी कामगिरी दुसऱ्या कोणी करायला १९९८ उजाडावे लागले. तो दुसरा म्हणजे शेफ अ‍ॅलँ द्युकास. त्याचे नाव जगाला माहीत आहे, ब्राझिएचे नाही. १९७७ मध्ये ती वारली. रॉयाल रस्त्यावरची जागा २००८ पासून मात्यू व्हियाने या शेफने पुन्हा चालवायला घेतली असून पाटीवर नाव ‘ला मेर ब्राझिए’च आहे.

या आयांच्या रांगेत तारे न मिळवलेली क्लोतिल्द बिझोलों हिलाही जागा द्यायला हवी. पहिल्या महायुद्धात पेराश स्थानकावर फळ्या टाकून तिने आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना कॉफी, रस्सा आणि पाव फुकट वाटला. तिचा स्वतःचा मुलगा त्याच युद्धात पडला. १९४० मध्ये तिचा खून झाला. ल्योंमध्ये तिच्या नावाचा रस्ता आहे.

मेर मंडळींच्या हातचा जो पदार्थ घराघरांत गेला तो ‘कनेल’. पाइक माशाला काटे इतके की तो नुसता खाणे जिकिरीचे. म्हणून त्याचे मांस कुटून चाळणीतून काढतात, मैदा, दूध आणि लोणी आटवून केलेल्या घट्ट गोळ्यात ते मिसळतात, अंडी आणि आणखी लोणी घालून घोटतात आणि रात्रभर थंड ठेवतात. दुसऱ्या दिवशी दोन चमच्यांच्या मदतीने लांबट गोळे वळून ते खळखळू न देता पाण्यात शिजवायचे, आणि मग झिंग्यासारख्या दिसणाऱ्या, गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या केशरी सॉसमध्ये बुडवून भट्टीत ठेवायचे. भट्टीत ते जवळजवळ दुप्पट फुगतात आणि बाहेर काढल्यावर दोनच मिनिटांत बसू लागतात. चांगला कनेल ओळखण्याची खूण हीच: वाढणारा धावत येतो.

ल्युएर खिंडीतल्या ब्राझिएकडे १९४६ मध्ये पॉल बोक्युझ नावाचा विशीतला तरुण उमेदवारी करत होता. गाईची धार काढणे, कपडे धुणे, भाजी खुडणे हेही त्या उमेदवारीत होते, असे तो पुढे सांगत असे. ल्योंच्या उत्तरेला कोलोंज या गावी त्याने घरचे भोजनगृह वाढवले, १९६५ मध्ये तिसरा तारा मिळवला आणि २०१८ मध्ये वारला तोपर्यंत राखला. २०२० मध्ये मिशेलांने तो काढला. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या मेजवानीसाठी केलेले, पापुद्र्याच्या पिठाचे झाकण लावलेले ट्रफलचे सूप, शेफची पांढरी उंच टोपी घालून काढलेले फोटो, १९८७ मध्ये सुरू केलेली ‘बोक्युझ द’ओर’ ही द्वैवार्षिक जागतिक स्पर्धा, यांमुळे शेफ हा स्वतःच प्रसिद्ध माणूस होण्याची प्रथा रुळली. बोक्युझने आपल्या गुरुस्थानाचे ऋण कधी नाकारले नाही. तरीही ज्या शहरात बायकांनी चूल उभी केली तिथला मोठा बाजार, जो १९७१ मध्ये पार-दिय या नव्या व्यापारी भागात हलवण्यात आला, त्याला २००६ मध्ये नाव मिळाले ते बोक्युझचे. या बाजारात काचेच्या पेटीत ठेवलेले चीज आणि कोंबड्या उत्तमच असतात, आणि दरही त्याच तोलाचे. जुने हॉस्पिटल असलेल्या ओतेल-दियच्या भव्य इमारतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये पाककलेचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले गेले, कोविडच्या टाळेबंदीनंतर २०२० मध्ये बंद पडले आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडले. जेवणाचे प्रदर्शन मांडून लोक किती येतात, याचा हिशेब तिथे झाला.

लोक येतात ते क्रुआ-रूसच्या बुलव्हारवर. बुलव्हार म्हणजे झाडांच्या रांगा असलेला रुंद रस्ता. इथे मंगळवार ते रविवार सकाळी किलोमीटरभर लांब बाजार भरतो. शेतकरी स्वतः आलेला असेल तर त्याच्या ठेल्यावर भाजीचे प्रकार कमी आणि मातीचे प्रमाण जास्त, व्यापाऱ्याचा माल असेल तर उलट. ही खूण तिथल्या गृहिणी नवख्याला न विचारता सांगतात. चीजवाला पुढे मऊ, तळव्यात मावेल एवढी सां-मार्सलांची चकती काढतो, पण हातात देण्याआधी प्रश्न विचारतो: आज रात्री की उद्या? उत्तरावरून तो बोटाने दाबून चकती निवडतो, कारण एका दिवसात तिचा पिकलेपणा बदलतो. त्याच्या शेजारी भाजलेल्या कोंबड्या फिरत असतात आणि खाली पसरलेल्या बटाट्यांवर त्यांची चरबी ठिबकत असते. पावासाठी बाजारात थांबायचे नाही. १९९८ च्या कायद्यानुसार ज्या दुकानात पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सारे त्याच जागी होते त्यालाच ‘बुलांजरी’ हे नाव लावता येते, आणि टेकडीवर ती प्रत्येक चौकात आहे.

वस्तीच्या जेवणाला कायद्याचाही हातभार आहे. कामाच्या जागेवरच नोकरांना जेवू देण्यास फ्रान्सच्या कामगार नियमांत मनाई आहे. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, तेवढी ती सैल झाली होती. म्हणून दुपारी बारा ते दोन माणसे कचेरीतून उतरून कोपऱ्यावरच्या जागेत बसतात, पाटीवर खडूने लिहिलेला त्या दिवसाचा पदार्थ घेतात, आणि दोननंतर स्वयंपाकघर बंद होते. अडीच वाजता पोहोचलेल्या पाहुण्याला तिथे कोणी उपाशी ठेवत नाही, पण फारसे जेवूही घालत नाही.

शाकाहारी मराठी माणसाचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. बुशोंमध्ये त्याच्यासाठी कान्यूचा मेंदू, बटाट्याचे भट्टीतले दोफिनुआ, गुलाबी साखरेत घोळलेल्या बदामांचा प्रालीन टार्ट, आणि विचारले तर कोशिंबीर एवढेच हाती लागते. कांद्याचे सूप बहुधा गाईच्या हाडांच्या पाण्यात केलेले असते आणि पारंपरिक चीज लावायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हेही माहीत असावे. मांसाचा आग्रह ल्योंच्या स्वभावात इतका खोल आहे की फेब्रुवारी २०२१ मध्ये हरित पक्षाचे महापौर ग्रेगोरी दूसे यांनी कोविडच्या दिवसांत रांगा लवकर हलाव्यात म्हणून शाळांच्या भोजनात सर्वांना एकच, मांसाशिवायचा पण मासे-अंड्यांसह मेन्यू ठेवला, तेव्हा पॅरिसमधील मंत्री त्यांच्यावर तुटून पडले आणि शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर व गुरे घेऊन नगरपालिकेसमोर निदर्शने केली. त्यांच्या आधीच्या महापौरांनी २०२० मध्ये तेच केले होते. तेव्हा मात्र कोणाला त्यात ल्योंचा अपमान दिसला नव्हता.

ऱ्होन नदीपलीकडच्या गिओतिएर भागात गेले की ही सगळी चर्चा वेगळ्याच वासात विरून जाते. तिथे माघ्रेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकी, खाटीक, चिनी आणि व्हिएतनामी किराणा, पुदिन्याच्या जुड्या, आणि कुस्कुसचे वाडगे आहेत. विसाव्या शतकात इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्यांनी ही वस्ती वसवली. बुशोंच्या याद्यांत तिचा उल्लेख येत नाही. पण कामगाराने स्वस्त मांस आणि घरची आठवण यांतून शहराची चव घडवली हे तत्त्व मान्य केले, तर आज ते काम गिओतिएरमध्ये चालू आहे.

क्रुआ-रूसवर माग उरले आहेत ते दाखवण्यापुरते. उंच खोल्या आता चित्रकार, वकील, प्राध्यापक घेतात, पोटमाळ्यावर अभ्यासिका करतात, आणि भाडी अशी की कान्यूंच्या पणतवंडांना शहराबाहेरच्या उपनगरांत जावे लागले. इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणारे ‘त्राबूल’ नावाचे झाकलेले मार्ग, ज्यांतून रेशमाचे तागे पावसात न भिजता खाली नेले जात, त्यांतले चाळीसेक नगरपालिकेशी झालेल्या करारामुळे दिवसा सर्वांना खुले आहेत. रहिवासी मात्र तिथेच झोपतात, म्हणून आवाज करू नये, असे दारावर लिहिलेले असते. जुन्या ल्योंसह टेकडीचे उतारही १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. तरी वस्तीपण पुरते गेलेले नाही. शरद ऋतूत टेकडीवर ‘व्होग’ नावाची जत्रा भरते, तेव्हा भाजलेले चेस्टनट आणि नवी पांढरी वाइन घेऊन लोक रस्त्यावर उभे असतात. आणि ८ डिसेंबरच्या संध्याकाळी, १८५२ पासूनच्या प्रथेप्रमाणे, शहरभर खिडक्यांच्या कठड्यावर काचेच्या पेल्यात छोट्या मेणबत्त्या लागतात. मध्यवस्तीतल्या दिव्यांच्या रोषणाईला लाखो पर्यटक येतात. कठड्यावरच्या मेणबत्त्या घरचे लोक लावतात.

ल्योंला जाण्याचा योग आला, तर सां-जाँ रस्त्यावरच्या पाट्या वाचत फिरण्यापेक्षा मेट्रोने क्रुआ-रूसच्या माथ्यावर जावे, आणि बाजार उठण्याआधी, म्हणजे दुपारी एकच्या आत, एक पाव, एक सां-मार्सलां आणि थोडे पीच घेऊन बाकावर बसावे. चीजवाल्याने विचारले तर उत्तर ‘आत्ता’ असे द्यावे. सोमवारी मात्र बाजार भरत नाही.